अळणी पाणी

निघण्याआधी बायकोने मीटरांकडून तीनदा वदवून घेतलं. "तिथे तोंड उघडायचं नाही. जावई दाखवेल ते छान, मुलगी म्हणेल ते छान. कळलं?" तिसऱ्या वेळी तर हातावर हात ठेवून वचनच घेतलं. मीटरांनी दिलं. न देऊन सांगतात कुणाला!

मीटर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढल्यावर खरं नाव कोण लक्षात ठेवतो? तिथे यंत्रं होती, काचेच्या नळ्या होत्या, सगळा सरंजाम होता. तरी अहवालावर सही करण्याआधी साहेब विचारायचे, "मीटर काय म्हणतो?" मग हे घोटभर पाणी तोंडात घोळवायचे आणि सांगायचे, हे पूर्वेकडच्या टाकीचं, हे गंजक्या पाइपातून आलेलं, ह्यात औषध जरा सढळ हाताने पडलंय. कधी चुकले नाहीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि आता त्यांना भाजी कुठली आणू एवढंही कुणी विचारत नव्हतं.

जावयानेही विचारलं नव्हतं, आणि तेच तर दुखणं होतं. बँकेतली चांगली नोकरी सोडून पठ्ठ्याने कॉफीचं दुकान टाकलं, आणि सासऱ्यांना ते कळलं कधी, तर उद्घाटनाचं निमंत्रण फोनवर आलं तेव्हा! मीटरांची पाठ त्या दिवशी अचानक धरली, ती आठ महिने सुटली नाही. दुकानाची पायरी म्हणून चढले नाहीत.

आज निघाले ते मुलीच्या फोनमुळे. ती आईजवळ रडली होती. ज्या इमारतीत दुकान होतं तिच्याच अकराव्या मजल्यावर एक मोठं ऑफिस होतं. तिथल्या व्यवस्थापकबाई चार वाजता कॉफी चाखायला येणार होत्या. पसंत पडली तर दीडशे माणसांची रोजची कॉफी ह्यांच्याकडे, नाहीतर महिनाअखेर शटर खाली. आणि गेले आठ दिवस कॉफी नेमकी बिघडत होती. "आई, तुम्ही दोघं या गं. माझा धीर सुटलाय. फक्त बाबांना सांभाळ."

त्या भागात सगळ्या इमारती काचेच्या. दार कुठलं आणि भिंत कुठली, कळायला काही सोय नाही. मीटरांनी आधी एक भिंत ढकलून पाहिली. मग फिरतं दार सापडलं, त्यातून ते दोनदा गोल फिरून पुन्हा रस्त्यावरच आले. तिसऱ्या फेरीला बायकोने दंड धरून आत ओढलं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं स्वतःशीच मोठमोठ्याने बोलत इकडून तिकडे चालली होती. मीटरांना त्यांची काळजी वाटली.

दुकान मात्र झकास होतं, हे कबूल करायलाच हवं. लाकडी काउंटर, स्वच्छ पेले, भिंतीवर फळा. फळ्यावर प्रत्येक कॉफीची चव लिहिली होती. 'जर्दाळू, मध, ओल्या लाकडाचा गंध.' पदरचे पैसे देऊन ओलं लाकूड कोण पितं, असं विचारायला मीटरांचं तोंड उघडलं, तोच बरगडीत कोपर बसलं.

जावई काउंटरमागे होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. सोनाराच्या काट्यासारख्या इवल्याशा काट्यावर कॉफीचे दाणे तोलत होता. एक दाणा जास्त झाला, तो चिमटीत धरून परत डब्यात टाकला.

"बाबा, या ना, या," तो गडबडून म्हणाला. "काय घेणार?"

"पाणी," मीटर म्हणाले.

झालं! जावयाचा चेहरा पडला. आठ महिन्यांनी सासरे आले आणि आपल्या कॉफीला शिवायलाही तयार नाहीत. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बायकोने टेबलाखाली पाय दाबला. मीटरांना ह्यातलं काहीच कळलं नाही. नव्या जागी गेलं की आधी तिथलं पाणी प्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. आलेला पेला त्यांनी उजेडात धरला, हुंगला आणि एक घोट घेऊन असा काही खुळखुळवला की ओळखपत्रवाली चार माणसं वळून बघायला लागली.

आणि मीटर थबकले. पाणी अळणी होतं. घाण नव्हे, उलट नको इतकं स्वच्छ. ह्यात क्षार नाही, जीव नाही, काही म्हणता काही नाही. त्यांनी वाकून काउंटरखाली पाहिलं. पांढरंशुभ्र नवंकोरं शुद्धीकरण यंत्र, निळा दिवा, कंपनीचा कागदही अजून सोललेला नाही. आठ दिवसांचं असणार, नक्की. त्यांनी तोंड उघडलं.

"छान आहे म्हणा," बायको दातांवर दात ठेवून पुटपुटली.

"छान आहे," मीटर म्हणाले. कुणाच्या घरी समाचाराला गेल्यासारखा आवाज होता.

तिकडे जावयाचं सुरूच होतं. लांब चोचीच्या किटलीतून कागदी गाळणीत पाण्याची धार गोल गोल सोडायची, चाखायचं, तोंड वाकडं करायचं, ओतून द्यायचं. पूड आणखी बारीक केली. पाणी आणखी तापवलं. काट्याला शिव्या दिल्या. दाणे पाठवणाऱ्याला शिव्या दिल्या. चौथा कप ओतून देताना तो आपल्या बायकोला हळूच म्हणाला, "माझंच चुकलं गं. मी ह्यात पडायलाच नको होतं."

मीटरांनी ते ऐकलं. खरं सांगायचं तर आठ महिने हेच वाक्य ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. रात्री पडल्या पडल्या त्यांनी ते जावयाच्या तोंडी घालूनही पाहिलं होतं. आता ते प्रत्यक्षात आलं आणि त्यांना अजिबात बरं वाटलं नाही. पोरगा रडवेला झाला होता.

चाराला दहा कमी होते. मीटर उठले.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"हात धुवायला."

जाता जाता त्यांनी काउंटरच्या कडेला किटलीसाठी भरून ठेवलेला काचेचा जग उचलला. मागच्या बोळकांडीत बेसिन होतं. नळाखाली ओंजळ धरून त्यांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. अहाहा! हे तर त्यांच्याच खात्याचं पाणी, थेट जलवाहिनीतलं, वरच्या टाकीत न साठलेलं. त्यांनी जगातलं पाणी ओतून दिलं आणि जग नळाखाली धरला.

मागे एक ओळखपत्रवाला हात धुवायला उभा होता. "काका, प्यायचं पाणी तिकडे मिळतं."

"माहीत आहे. म्हणून तर इकडे भरतोय." आणि भरलेला जग त्यांनी गुपचूप काउंटरवर जागच्या जागी नेऊन ठेवला.

चाराच्या ठोक्याला व्यवस्थापकबाई आल्या. हसणं बहुतेक अकराव्या मजल्यावरच ठेवून आल्या होत्या. जावयाने जगातलं पाणी किटलीत घेतलं, उकळलं, धार सोडली. मीटर छताकडे बघत बसले. बाईंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. तिसऱ्या घोटाला डोळे मिटले.

"सोमवारपासून सुरू करा," त्या म्हणाल्या. "पण रोज अगदी हीच चव हवी. बदलली तर त्याच दिवशी बंद." आणि कप हातात घेऊनच निघून गेल्या.

मुलीने आईला मिठी मारली. जावई मात्र पांढराफटक पडला होता. किटलीत उरलेल्या पाण्याची कॉफी करून त्याने चाखली, मग यंत्राचं पाणी घेऊन पुन्हा केली आणि थुंकली. "अरे, मी काहीच बदललं नाही! मग मघाची चांगली झाली कशी? सोमवारी दीडशे कप कसे करू?" तो डोकं धरून बसला.

मीटरांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मिशा थरथरायला लागल्या. अडतीस वर्षांच्या संसारात बायको तो चेहरा चांगला ओळखत होती. "अहो, तुम्ही काही उद्योग केलाय का?"

मीटरांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"वचन गेलं खड्ड्यात, बोला आता!"

"तुझं वचन सुटलं," मीटर म्हणाले. "पण दुकान त्याचं आहे. त्याला विचारू दे."

जावई उठला. ॲप्रनला हात पुसत समोर येऊन उभा राहिला. "बाबा, काय केलंत? सांगा ना."

बस्स! दोन वर्षं तुंबलेला नळ सुटला. हे यंत्र पाण्यातला कचरा काढतं, पण चव देणारे क्षारही ओरबाडून नेतं. क्षार नाहीत तर पाणी कॉफीचा अर्क ओढणार कसा? निम्मं यंत्राचं घ्या, निम्मं नळाचं घ्या, पावसाळ्यात नळाचं थोडं कमी करा. जावई कागदी कपावर लिहून घेत होता. मधेच थांबवून विचारत होता, पुन्हा विचारत होता. सात प्रश्न विचारले त्याने. मीटरांनी मोजले.

लिहून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "आधीच विचारायला हवं होतं."

"पाण्याचं?"

"नोकरीचं. तुम्ही नको म्हणाल म्हणून घाबरलो, बाबा."

घाबरायला काय मी वाघ आहे, असं म्हणायचं मीटरांच्या जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे व्यवस्थापकबाईंचा तिसरा घोट आला.

"नको म्हणालोच असतो," ते म्हणाले. "आणि चुकलो असतो."

बायकोच्या हातातला पेला तोंडापाशीच राहिला. अडतीस वर्षांत हे वाक्य तिच्या कानावर पडलं नव्हतं.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"तुला नाही," मीटर घाईघाईने म्हणाले, "त्याला म्हणालो."