रोजचं बंद-चालू

“सकाळी पहिलं काम पंपघराला फोन. संगणक बंद करून चालू करून घ्यायचा. तू नसशील तर दुसऱ्या कुणाला सांगून ठेव, पण चुकवू नकोस.” निवृत्त होताना साहेबांनी मला एवढंच बजावलं होतं.

शहराला पाणी सोडणारा त्यांचा प्रोग्राम सी या संगणकभाषेतला. त्या भाषेत कामापुरती मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की आठवणीने परत करायची; सगळं लिहिणाऱ्याच्या डोक्यावर. कुठेतरी ती परत करायची राहून जात होती. कुठे, ते साहेबांना सापडलं नाही, मलाही नाही. दिवसभर प्रोग्रामचं पोट फुगत जाई, सकाळी बंद-चालू केलं की रिकामं. तेवढा वेळ झडपा हाताने सांभाळायला पंपघरातली मावशी, आणि इथे ऑफिसातून पाण्याची पातळी बघायला मी.

मावशी तिथे एकटी, मी घरी एकटी. माझा दिवसातला पहिला शब्द तिच्याशीच.

“काय म्हणतंय तुमचं खादाड?” ती विचारायची.

मग ऑफिसातल्या धाकटीने सगळा प्रोग्राम रस्ट नावाच्या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायला घेतला.

“ताई, यात परत करायचं लक्षातच ठेवायला नको. काम संपलं की मेमरी आपोआप परत जाते. गडबड केली तर लिहिलेलं तपासणारा कंपायलर पुढे जाऊ देत नाही.”

“फार बोलतो का गं?”

“सासूसारखा. पण कुठे चुकलं ते सांगतो, काय करायचं तेही सांगतो.”

“आमचा सीचा मुका. मान डोलवायचा आणि मागाहून तोंडघशी पाडायचा.” मला हसू आलं. “मग जुन्यात परत करायचं राहत होतं कुठे?”

“शोधलंच नाही. नव्यात ते उरलंच नाही.”

नवा प्रोग्राम जुन्याच्या जोडीने, चाचणी म्हणून, महिनाभर एकदाही बंद न करता चालला. वरून निरोप आला, आता फोन नको. मावशीला सांगायचं माझ्यावर आलं.

“मावशी, उद्यापासून बंद-चालू नाही.”

“का, खादाड गेलं?”

“त्याच्या जागी शहाणं आलंय.”

“बरं झालं. झडपांच्या खेपांतून गुडघे सुटले माझे.” मग तिने हिशेब लावला. “म्हणजे तुझा फोन नाही.”

करेन की, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती लाइन फक्त कामाची, आणि स्वतःचा फोन मावशीने कधी ठेवलाच नाही. खोटं कसं बोलू?

“इतकी वर्षं बोलतोय,” ती म्हणाली, “तू दिसतेस कशी ते मला ठाऊक नाही.”

“मी येते. उद्या सुट्टीच आहे. पण सुट्टीला माझं मौन असतं, तेव्हा पुढच्या...”

“म्हणून सुट्टीला ती धाकटी फोन करते होय. दोन शब्दांत उरकते मेली. तू उद्याच ये. मला बोलायला मोकळं रान.”

“येते,” मी म्हटलं.

सकाळी प्रार्थना आटोपली. बसवाल्याला दाखवायला पंपघराचा पत्ता एका कागदावर लिहून घेतला, दाराला कुलूप लावलं आणि मिटल्या ओठांनी जिना उतरले.