वरच्या कडीचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, तुम्ही आत्ता माझ्यासमोर उभे असता, तर मी तुमच्या तोंडाकडे नंतर आणि पायांकडे आधी पाहिलं असतं. तोंड काय, कुणीही हसरं करतं. पण ज्याच्या मनात काळंबेरं असतं तो पायपुसण्यावर जरा जास्तच वेळ पाय पुसतो, असा माझा अनुभव आहे. तुम्ही म्हणाल, काय हा संशयी स्वभाव! पण मला सांगा, भोळा दरवाजा कुणाच्या कामाचा?

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. लाकूड अस्सल सागाचं, पण मापात घोळ झाला आणि मी अरुंद निघालो. ज्या गिऱ्हाइकासाठी मला बनवलं होतं, त्यानं नाक मुरडलं आणि तो निघून गेला. मी भिंतीला टेकून धूळ खात राहिलो. जन्मल्याबरोबर नकार पदरी आला की स्वभाव थोडा कडू होतोच.

मग एक तरुण बाई आली. ती टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती आणि तिनं स्वतःच्या कमाईवर तळमजल्याचं छोटं घर घेतलं होतं. तिनं माझ्यावर बोटांनी टकटक केलं, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हाच द्या. अरुंद आहे तर असू दे. मी काय हत्ती पाळणार आहे?" त्या क्षणापासून मी तिचा झालो. तिनं मला एक लॅच बसवलं, डोळ्याएवढं भिंग बसवलं आणि आतून सगळ्यात वर एक जाड लोखंडी कडी ठोकून घेतली. लॅच बाहेरून किल्लीनं उघडतं. कडी फक्त आतल्या माणसाच्या हातात असते.

पुढे तिचा भाऊ आणि भावजय अपघातात गेले आणि त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, या घरात आला. तो तिला आत्या म्हणायचा. मग सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली, म्हणून मीही आत्याच म्हणतो. तिनं त्याला वाढवलं, शिकवलं. मी दोघांना सांभाळलं. गोड बोलून घरात शिरू पाहणारे, खोटी ओळखपत्रं दाखवणारे, 'फक्त ग्लासभर पाणी द्या' म्हणत आत डोकावणारे, अशा कितीतरी जणांना मी वाटेला लावलं. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणायचे, "दरवाजा असावा तर असा!" एकदा नवं कपाट आलं, ते माझ्यातून जाईना. शेवटी खिडकीची जाळी काढून आत घ्यावं लागलं. मला त्याचाही अभिमानच वाटला होता.

भाचा मोठा झाला. तो एका छापखान्यात कामाला लागला. त्याचं लग्न झालं, सून आली. सून औषधांच्या दुकानात काम करते. दोघंही सकाळी धावतपळत निघायचे आणि संध्याकाळी थकून यायचे. माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचं कुणाच्या लक्षात राहिना. मी कुरकुरू लागलो. सून म्हणायची, "आत्या आणि दरवाजा, दोघांचा सूर एकच." आत्या हसायची. मी हसलो नाही.

या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी आत्या बागेच्या पायऱ्यांवर पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. पण खुर्ची उंबऱ्याशीच थांबली. भाच्यानं तिला उचलून आत नेलं. ती सारखी म्हणत होती, "अरे, मला पोत्यासारखं उचलू नका रे." खुर्ची बाहेरच राहिली. त्यानंतर ती घरातल्या घरात वॉकर धरून चालू लागली आणि बाहेर पडणं बंदच झालं.

डिसेंबर लागला आणि घरात कुजबुज सुरू झाली. माझ्यासारख्याला कुजबुज म्हणजे धोक्याची घंटा. मोठ्यानं बोलण्यात काय असतं? जे लपवायचं असतं तेच हळू बोलतात. एका संध्याकाळी भाचा आणि सून माझ्यापाशी चपला काढत उभे होते.

"आत्याला आधी कळू द्यायचं नाही," भाचा म्हणाला. "कळलं की ती हटून बसेल."

"रंग द्यायचाय, फरशी बदलायचीय, एवढंच सांगू," सून म्हणाली. "महिनाअखेरीच्या आत उरकून टाकू."

काय उरकून टाकणार होते? मी कान टवकारले. दुसऱ्या दिवशी एक सुतार आला. त्यानं आधी पाय पुसले, ते बराच वेळ. मग टेप काढून आत्याच्या खोलीचं दार मोजलं, तिचा पलंग मोजला, मलाही मोजलं. आत्यानं विचारलं, "काय हो, रंगाला पलंग कशाला मोजावा लागतो?" सुतारानं सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "असंच हो आत्या, सामान हलवायला." मला ते उत्तर मुळीच पटलं नाही. आत्यालाही पटलं नसावं, कारण ती वॉकर धरून तशीच उभी राहिली.

आणि आगीत तेल ओतायला होते आमचे बातमीकाका. हे शेजारी. रोज सकाळी पेपर घेऊन माझ्यापाशी येतात आणि उंबऱ्यावर उभं राहून जगाचा निकाल लावतात. डिसेंबरात तर त्यांना ऊत येतो, कारण पेपरात सरत्या वर्षाचे आढावे येतात आणि प्रत्येक आढाव्यावर काकांचं मत असतं.

"आत्या, हे वाचलंत का?" ते त्या सकाळी म्हणाले. "अहो, लेखच आलाय. घराचं काम काढायचं, म्हाताऱ्या माणसाला थोडे दिवस म्हणून कुठंतरी ठेवायचं आणि मग आणायचंच नाही. माझं मत विचाराल तर, यंदा याचं प्रमाण वाढलंय."

"तुम्हाला कुणी विचारलं?" आत्या म्हणाली. पण पेपर तिनं ठेवून घेतला.

त्याच दुपारी सून व्हरांड्यात उभी राहून फोनवर बोलत होती. "एका वयस्कर बाईंसाठी खोली हवीय. हो, थोडेच दिवस. जेवणाखाण्याची सोय आहे ना? नाही, त्यांना अजून सांगितलेलं नाही."

मी सगळं ऐकलं. माझ्या आतल्या बाजूला आत्या उभी होती. तिनंही ऐकलं. तिचा श्वास मला माझ्या फळीवर जाणवला. मित्रांनो, मला त्या दिवशी सुनेचा इतका राग आला की संध्याकाळी तिनं किल्ली फिरवली तेव्हा मी मुद्दाम अडलो. घर आत्याचं, कष्ट आत्याचे, आणि आता तिलाच बाहेर काढणार? मी मनाशी ठरवलं, वेळ आलीच तर मी हलणार नाही.

वेळ लवकरच आली. भाचा आणि सून फरशी निवडायला बाहेर पडले. ते फाटकाबाहेर गेल्याबरोबर आत्या वॉकर धरून माझ्याजवळ आली, हात उंच केला आणि वरची कडी लावली. फार दिवसांनी लागली ती कडी. मला काय सांगू, तरुण झाल्यासारखं वाटलं!

थोड्या वेळानं सुतार हत्यारांची पिशवी घेऊन हजर. "आजी, दार उघडा. काम सुरू करायचंय."

"कसलं काम? घर माझं आहे आणि मला माहीत नाही. जा तुम्ही."

सुतारानं भाच्याला फोन केला. भाचा आणि सून धावतपळत परत आले. भाच्यानं किल्ली फिरवली. लॅच उघडलं, मी उघडलो नाही.

"आत्या, दार उघड ना. काय झालं?"

"आधी मला सांग, मला कुठं पाठवताय?"

"कुठं पाठवणार? काम चालू असताना धूळ होईल, म्हणून थोडे दिवस..."

"थोडे दिवस! पेपरातही असंच छापलंय."

भाच्यानं कपाळ माझ्यावर टेकवलं. "अगं, दार मोठं करायचंय. हे दार. तुझी खुर्ची आत यावी, पार पलंगापाशी वळावी म्हणून. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

आत्या हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "वा! फार सुरेख सुचलं तुला!"

मी म्हणालो, बरोबर! अजिबात विश्वास ठेवू नकोस. आणि तेवढ्यात ती रागानं वळली. रंगकामासाठी जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद पसरला होता. त्यात वॉकरचा पाय अडकला. आधी वॉकर आपटला, मग आत्या.

"आत्या! आत्या, लागलं का?"

आतून अगदी बारीक आवाज आला, "उठता येत नाहीये रे."

भाच्यानं खांदा लावून मला धडक दिली. पुन्हा दिली. मी हललो नाही, कारण मला हलता येत नव्हतं. कडी पक्की होती, साग पक्का होता. बाहेर सून रडत अॅम्ब्युलन्सला फोन करत होती आणि आत जमिनीवर पडलेली आत्या माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर ज्या ताकदीची शेखी मिरवली तिची मला त्या क्षणी लाज वाटली. मी कच्च्या लाकडाचा असतो तर किती बरं झालं असतं!

खिडक्यांना कपाट आल्यानंतर पक्के गज बसवलेले होते. बिजागऱ्या आतल्या बाजूला होत्या. सुतार म्हणाला, "वरची फळी कापून हात घालावा लागेल." मग करवत चालली. दुखलं का म्हणून विचाराल, तर दुखलं. पण मला घाई झाली होती. सुतारानं आत हात घातला, कडी सरकवली आणि भाचा आत धावला.

अॅम्ब्युलन्सची माणसं स्ट्रेचर घेऊन आली. आत्याला त्यावर अलगद ठेवलं आणि बाहेर काढताना स्ट्रेचर माझ्या चौकटीत अडकलं. तिरकं केलं, तरी अडकलं. आत्या वेदनेनं कळवळली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात बातमीकाका पेपर हातात घेऊन उभे होते. पहिल्यांदाच त्यांना मत नव्हतं.

सुतार म्हणाला, "थांबा, दरवाजाच उतरवतो." त्यानं बिजागऱ्यांचे स्क्रू काढले. गंजलेले होते ते, दात खात निघाले. मला उचलून बाजूला ठेवलं. माझ्या जाडीइतकी जागा मोकळी झाली आणि स्ट्रेचर बाहेर पडलं. जागा एवढीशीच कमी होती, आणि ती मी अडवून ठेवली होती.

भिंतीला टेकून मी पाहत होतो. आत्यानं भाच्याचा हात धरला होता.

"खरंच दार मोठं करत होतास?"

"हो गं."

"मग सांगायचं ना रे."

"तू नको म्हणाली असतीस."

"नकोच म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "आपण भांडलो असतो. आणि मग मी ऐकलं असतं."

नशीब बलवत्तर, हाड पुन्हा मोडलं नव्हतं. मुका मार होता. ती दवाखान्यात होती तेवढ्यात इकडे गवंड्यानं भिंत फोडली, रुंद चौकट बसवली, उंबरा काढून उतार केला. डिसेंबर सरता सरता आत्या खुर्चीत बसून आली आणि कुणीही न उचलता सरळ आत गेली. बातमीकाका पेपर घेऊन आलेच. "सरत्या वर्षाबद्दल माझं मत विचाराल तर..."

"विचारत नाही," आत्या म्हणाली. "आत या, चहा घ्या. आमच्या घरची बातमी आधी आम्हाला विचारत जा."

मी आता व्हरांड्यात पडून आहे. माझं काहीतरी करू, असं भाचा म्हणतो. काहीतरी म्हणजे काय, ते त्यानं सांगितलेलं नाही, आणि मला शंका आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना! नव्या दरवाजावरही माझा काडीचा विश्वास नाही. फार गुळगुळीत आहे तो.

पण काल संध्याकाळी सून कामावरून आली. किल्ली पिशवीत तळाशी गेली असावी, म्हणून तिनं दारावर टकटक केलं. आतून आत्याचा आवाज आला, "ये गं, उघडंच आहे." मी इतकी वर्षं त्या घराला राखलं, मित्रांनो, पण हे वाक्य मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून एवढंच सांगतो. आपल्या दरवाजांना वेळच्या वेळी तेल द्या. अनोळखी माणसासाठी कडी जरूर लावा. पण घरातल्या माणसासाठी काही करणार असाल तर त्याला आधी सांगा. तो नको म्हणेल, भांडेल. भांडू द्या. समोरासमोर भांडता येतं. कडीआडून भांडायची वेळ आली, तर मग मला कापावं लागतं.