विषाचा टब आणि विभाचं चित्र

टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या एका भाड्याच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मराठी मंडळाच्या बायका पैठण्या नेसून आल्या होत्या, पुरुष ऑफिसातून थेट. समोर निळ्या टबात मंडळाच्या अध्यक्षा कुमुदिनीकाकूंचे पाय होते, आणि टबातल्या मिठाच्या पाण्यातून वीज खेळत होती.

"बघा, बघा!" डॉक्टर प्रल्हाद ओरडले. पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग गटारासारखं काळपट. "हे फुकुशिमाच्या अणुभट्टीचं विष! भूकंपाला दीड वर्ष झालं, सरकार म्हणतं सगळं ठीक आहे. मग काकूंच्या तळव्यांतून हे काय निघालं? बासुंदी?"

लोक हसले. पुढच्या रांगेत टबाचे फोटो काढायची झुंबड उडाली. हे डॉक्टर कुठे शिकले, हे कुणी विचारलं नव्हतं. कोट पांढरा होता, तेवढं पुरलं.

विभा मागे बसून गालातल्या गालात हसत होती. पुण्याला ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. इथे नवऱ्याच्या नोकरीमागे आली आणि लाकडी ठशांची चित्रं करायला शिकू लागली. शेजारी तिची नणंद नेत्रा होती, पाच महिन्यांची गरोदर.

"वहिनी," नेत्रा हळूच म्हणाली, "मी थायरॉइडची गोळी बंद केलीय. हे प्रल्हाद डॉक्टर म्हणाले, गोळीने विष गळ्यात अडकून राहतं."

विभाचं हसू जागीच विरलं. "अगं, ती गोळी बाळाच्या मेंदूसाठी लागते! तुझ्या डॉक्टरांना विचारलंस?"

"ते जपानीत बोलतात. मला निम्मं कळत नाही, आणि परत विचारायची लाज वाटते. हे डॉक्टर निदान मराठीत बोलतात."

घरी विभाने खूप समजावलं, पण नेत्रा मान हलवायची आणि गोळी काही घ्यायची नाही.

विभाच्या ठशांच्या वर्गात सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, जुनी व्यंगचित्रं दाखवली होती: भोंदू वैद्य आणि त्याच्यापुढे नटूनथटून बसलेले रोगी. तेच हत्यार उपसायचं तिने ठरवलं. फळी घेतली आणि कोरायला बसली. डॉक्टरांना बेडकाचं तोंड दिलं. टबाभोवती नथी, मोत्याच्या कुड्या, उंचावलेले फोन, आणि कोपऱ्यात पोट सांभाळत बसलेली एक भोळी बाई. पुढच्या बैठकीत तिने प्रती वाटल्या.

सभागृह खो खो हसलं. "ही हुबेहूब स्नेहलता!" मंडळातली रेखा म्हणाली. "छे, ही तर तूच!" स्नेहलता म्हणाली. स्वतःला मात्र कुणी ओळखलं नाही. डॉक्टरांनी तर कमालच केली. एक प्रत मागून घेतली आणि टबामागच्या भिंतीवर चिकटवली. "कलावंतांनाही आमची दखल घ्यावी लागते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नेत्रा तेवढी हसली नाही. "ही कोपऱ्यातली मी ना? मी रोज घाबरून उठते, वहिनी. आणि तू माझं चित्र काढलंस."

विभाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुरी उगारली होती भोंदूवर, लागली घरच्याच माणसाला. आता लाजत बसायलाही सवड नव्हती. ती उठली.

नेत्राचा नवरा सारंग पुढच्याच रांगेत होता. सॉफ्टवेअर तपासणं हे त्याचं काम. "सारंग, ऑफिसात इनपुट न देता आउटपुट आलं, तर तू काय म्हणतोस?"

"बग आहे म्हणतो."

"मग हा टब पाय न घालता चालवून पाहिलास का कधी?"

सारंगचे कान लाल झाले. "नाही. सुचलंच नाही."

"टबाला हात लावू नका! यंत्र सिद्ध केलेलं आहे!" डॉक्टर आडवे आले.

"अहो, लावू द्या की त्याला," कुमुदिनीकाकू म्हणाल्या. "कळू दे एकदाचं."

सारंगने नेहमीसारखं पाणी भरलं, मीठ टाकलं, बटण दाबलं. सगळे माना उंचावून पाहू लागले. पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, काळपट झालं.

डॉक्टर क्षणभरच अडखळले. "पाहिलंत? या खोलीतलं विष खेचलं त्याने!" आणि नवल म्हणजे, काही माना डोलल्या.

विभाने पिशवीतून दोन पेले, बॅटऱ्या, खिळे आणि पेन्सिली काढल्या. हा प्रयोग तिने घरी करून पाहिला होता. चित्रानेच काम भागेल म्हणून आतापर्यंत पिशवीत ठेवला होता. दोन्ही पेल्यांत तेच नळाचं पाणी, तेच मीठ, तशीच बॅटरी. एकात लोखंडी खिळे, दुसऱ्यात दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिली. थोड्या वेळाने खिळ्यांचा पेला तपकिरी झाला. दुसऱ्यात नुसते बुडबुडे.

"डॉक्टर, खोली एकच. मग विष खिळ्यांकडेच का आलं? पेन्सिलीशी भांडण आहे का त्याचं?" विभा लोकांकडे वळली. "हा गंज आहे. टबात लोखंडी पट्ट्या आहेत. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. पाय असोत वा नसोत. पेन्सिलीत लोखंडच नाही, म्हणून तिथे गंज नाही."

डॉक्टरांना अचानक विमानाची वेळ आठवली आणि ते वायर गुंडाळू लागले. सगळेच खूश झाले असं नाही. "आम्हाला जरा बरं वाटत होतं, तेही हिने हिरावून घेतलं," रेखा पुटपुटली.

नेत्रा त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिली. "मग माझ्या अंगात विष आहे की नाही?"

"मला माहीत नाही," विभा म्हणाली. "पण ते तपासता येतं. उद्या मी दवाखान्यात येते, दुभाषी घेऊन. कळेपर्यंत विचारू. आणि चित्राबद्दल माफ कर मला."

"एवढे दिवस गोळी चुकली. बाळाला काही..."

"तेही विचारू." खोटा धीर देणं विभाला जमलं नाही.

सारंगने पाणी आणून दिलं. नेत्राने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी घेतली.

वाचकहो, नेत्राची भीती खोटी नव्हती. पण भीती खरी असली म्हणून तिच्यावर सांगितलेला उपाय खरा ठरत नाही. घाबरलेल्या माणसाला हसू नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा. आणि कुणी तुमच्या पायांतून विष काढून दाखवू लागला, तर आधी पाय बाहेर घ्या आणि त्याला म्हणा, आता चालव.