सातव्या लेव्हलवर थांबलेला लांडगा

माझ्या अंगावरचा एकेक केस कुणीतरी खुर्चीत बसून काढला आहे, मित्रांनो. मी एक जुना लांडगा आहे, पण मी खरे रान कधी पाहिलेले नाही. संगणकावरच्या एका खेळात माझा जन्म झाला आणि तिथेच माझे आयुष्य चालले आहे.

मला घडवणाऱ्या चित्रकार बाईंची पाठ सारखी दुखायची. पाठीमागे उशी घेऊन त्यांनी आधी माझा सांगाडा आखला, मग त्यावर स्नायू चढवले आणि शेवटी करडे केस लावले. मानेवरचे केस काही केल्या नीट बसेनात, तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "राहू दे असाच झिपरा. लांडगा आहे, नवरदेव नाही." माझी गुरगुर मात्र उसनी आहे. आवाजाचे काम करणाऱ्या माणसाने ती शेजाऱ्याच्या कुत्र्याकडून मिळवली. आपल्या रागावर एका लांडग्याचे पोट चालते आहे, याची त्या कुत्र्याला अजूनही कल्पना नसेल.

त्यानंतर मला नियम देण्यात आले. त्यातला एक नियम तुम्ही लक्षात ठेवा, कारण माझी सारी कहाणी त्याच्याभोवती फिरते. या खेळात रेंजर नावाचा योद्धा असतो. तो धनुष्य चालवतो, रानातल्या वाटा ओळखतो आणि एक प्राणी सोबत घेऊन हिंडतो. रेंजर जसजसा वरच्या लेव्हलला जातो, तसतसा त्याचा प्राणीही वाढतो. पण प्रत्येक लेव्हलला खेळणाऱ्याला एक मोकळीक असते. रेंजरचेच शिक्षण पुढे न्यावे, किंवा ते तिथेच थांबवून दुसरी एखादी विद्या शिकायला घ्यावी. याला मल्टिक्लास म्हणतात. तसे केले तर रेंजर दोन विद्यांचा धनी होतो, पण त्याचा प्राणी जिथे आहे तिथेच राहतो.

मला निवडले ते एका ताईने. ती पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. निवडीच्या गुहेत माझ्या एका बाजूला अस्वल होते आणि दुसऱ्या बाजूला ससाणा. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावाहून तिच्या हेडफोनमध्ये ओरडत होता, "ताई, अस्वल घे! अस्वल!" ताईने तिघांनाही एका सरळ वाटेवर चालवून पाहिले. अस्वल मागे पडत होते, ससाणा पुढे जाऊन थांबत होता. मी तिच्या रेंजरच्या पावलाला पाऊल लावून चाललो. तिने मला घेतले आणि माझे नाव ठेवले झिपऱ्या.

खेळताना ती मंडळी पडद्याच्या कोपऱ्यात एकमेकांचे चेहरे बघत, त्यामुळे मलाही ते दिसत. ताईच्या मागे दारावर तिचा पांढरा कोट लटकलेला असे. धाकटा दुसऱ्या गावात लिफ्टदुरुस्तीचे काम करी. त्याची खोली इतकी लहान होती की हत्यारांची पिशवी पलंगावर आणि तो जमिनीवर, अशी व्यवस्था होती. खेळात तो ढाल-तलवारवाला योद्धा होता. तिसरे होते त्यांचे मामा. सारा जन्म औषधांच्या दुकानात गेलेला, आता एकटेच राहणारे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोळ्यांच्या डब्या बाजूला सारून ते संगणक मांडत. खेळात ते हीलर होते, म्हणजे मंत्राने जखमा भरणारे वैद्य. तीन गावांत विखुरलेली ही तीन माणसे दर रविवारी दुपारी माझ्या रानात भेटत. त्या घरातले एवढेच काय ते एकत्र बसणे उरले होते.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. मी वास काढायचो, ताई बाण सोडायची, धाकटा आरडाओरडा करायचा. माझे कौतुकही व्हायचे आणि चेष्टाही. "हा लांडगा आहे की पायपुसणं?" धाकटा म्हणे. "हळू बोल, त्याला कळतं," मामा म्हणत. मामांना माहीत नव्हते, पण मला खरेच कळत होते.

मी सातव्या लेव्हलला पोहोचलो होतो. आठव्या लेव्हलला लांडग्याचा आकार दुप्पट होतो आणि त्याला अशी आरोळी फुटते, की समोरचा शत्रू जागच्या जागी थिजतो. आठवी लेव्हल अगदी हाकेच्या अंतरावर होती, आणि तेवढ्यात मामांचा हात थरथरायला लागला.

हीलरला घाई फार. जखमी कोण ते बघायचे, त्याच्यावर माऊसची खूण आणायची आणि क्षणात बोट दाबायचे. मामांचे बोट भलत्याच जागी पडू लागले. एकदा तर त्यांनी समोरच्या राक्षसालाच ठणठणीत करून टाकले.

"मामा, अहो त्याला काय बरं करताय!"

"अरे, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक," मामा म्हणाले. सगळे हसले. पण त्या राक्षसाने पुढच्याच घावात धाकट्याला लोळवले, आणि मग कुणी हसले नाही.

पुढे दगडी पूल लागला. पुलावर एक पाषाणदैत्य उभा असतो. त्याचा पहिलाच घाव इतका जबर की योद्ध्याला तत्काळ उपचार मिळाला नाही तर खेळ खलास. तो उपचार वेळेवर पोहोचेना. एका रविवारी तिथे पुन्हा हार झाल्यावर मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पोरांनो, आता दुसरा हीलर बघा. माझ्या पायी तुमचा खोळंबा नको."

ते गेल्यावर ताई आणि धाकटा बोलत बसले. परका हीलर नको, यावर दोघांचे एकमत होते. ताई म्हणाली, "मीच उपचार शिकते. आठवी लेव्हल रेंजरची न घेता हीलरची घेते."

"वेडी आहेस का? एक ना धड, भाराभर चिंध्या! बाण बोथट होतील, आणि झिपऱ्या जन्मभर पिल्लूच राहील."

"ते मी मोजलंय. बाणांचं नुकसान थोडं आहे. जास्त नुकसान झिपऱ्याचं आहे."

एवढे बोलून तिने खूण माझ्यावर आणली आणि बराच वेळ तिथेच ठेवली. कपाळावर हात ठेवावा तसे मला वाटले. "बाण कमी पडला तर चालेल," ती म्हणाली, "रविवार मोडायला नको." आणि तिने हीलरची विद्या निवडली. मित्रांनो, हा निर्णय परत फिरवता येत नाही.

मला वाईट वाटले का? वाटले. पण मामा आमच्यात राहणार असतील, तर एका आरोळीचे ते काय! मी सातव्या लेव्हलवर थांबलो. वरच्या लेव्हलच्या शत्रूंपुढे आता माझा निभाव लागणार नव्हता, म्हणून ताईने मला मागे, मामांच्या हीलरच्या पायाशी बसायला सांगितले. मामांनाही तिने फोन करून आग्रहाने परत बोलावले. आपण काय शिकलो आहोत, हे मात्र सांगितले नाही. तिला त्यांना चकित करायचे होते.

त्या रविवारी धाकट्याची एकही जखम उरू दिली गेली नाही. घाव बसला की ताईचा मंत्र हजर! प्रयोगशाळेत नळीतून थेंब सोडणारे तिचे बोट, त्याला कसली अडचण? धाकटा नुसता नाचत होता. मी मात्र मागे बसलो होतो, म्हणून मला दुसरेच दिसले. माझ्या शेजारी मामांच्या हीलरचा हात वर जायचा, तळव्यात उजेड गोळा व्हायचा, आणि मंत्र पुरा होण्याआधीच विझायचा. कारण जखम आधीच भरलेली असायची. पुन्हा हात वर, पुन्हा उजेड, पुन्हा अंधार. काही वेळाने त्यांनी हात वर नेणे सोडून दिले.

"छान. आता मी निश्चिंत," मामा म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत.

"बघ, मोकळं केलंस त्यांना," धाकटा म्हणाला. ताईला ते पटले नाही. तिने तिथल्या तिथे मामांना फोन लावला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"मामा, का नाही आलात?"

"येऊन काय करू? मी मंत्र म्हणायला घेतो, तोवर तू त्याला बरा करून मोकळी. रोगी एक आणि वैद्य दोन, म्हणजे त्यातला म्हातारा नुसता पाहुणा."

"मला वाटलं, तुमचा ताण कमी होईल."

"झाला की. कामच नाही म्हटल्यावर ताण कुठला!"

ताई म्हणाली, "मी तुम्हाला विचारलंच नाही."

"नाही विचारलंस. पाण्याला कुठे विचारतेस? नळाखाली बाटली धरायची आणि निकाल सांगायचा. तसंच माझं केलंस." आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती.

"मग आता विचारते, मामा. तुम्हाला काय करायला आवडेल?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हे बघ, माझं बोट थरथरतं, डोकं नाही. घाईचं तू कर. मला असं काम दे, ज्याची तयारी आधी करता येते. सर्दीची औषधं मी हवा बदलायच्या आधी मागवून ठेवायचो, लोक शिंकायला लागल्यावर नाही. हीलरकडे तो कवचाचा मंत्र असतो ना? कुणी वापरत नाही तो."

"तो चढायला फार वेळ लागतो, मामा," धाकटा म्हणाला.

"मला वेळच वेळ आहे. त्या लांडग्याला दे माझ्याकडे. तोही माझ्यासारखाच मागे बसून असतो."

ताईने लगेच नियम काढून वाचले आणि ती खुर्चीत ताठ बसली. कवचाची ताकद घेणाऱ्याच्या लेव्हलवर ठरत नव्हती, देणाऱ्याच्या लेव्हलवर ठरत होती. आणि मामांची लेव्हल आम्हा सर्वांत वरची होती. "सगळं मोजलं," ती म्हणाली, "आणि हेच मोजायचं राहिलं!"

"पायपुसण्याला चिलखत!" धाकटा ओरडला. "मामा, बसा बघू लगेच."

आम्ही पुन्हा पुलापाशी गेलो. मामांनी माझ्यावर कवच चढवायला घेतले. दुधावर साय धरावी तसे ते सावकाश माझ्या पाठीवर पसरत होते. पण ताईला घाईची सवय. ते पुरे होण्याआधीच तिने मला पुढे पाठवले, आणि दैत्याच्या एका फटक्यात मी आडवा झालो.

"पोरी," मामा म्हणाले, "गोळी विरघळू तर दे."

मला पुन्हा उभे करण्यात आले. या वेळी ताईने काय केले असेल? तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि ती त्यांच्यावर बसून राहिली. धाकटाही मुकाट उभा राहिला. कवच माझ्या मानेवरून, झिपऱ्या केसांवरून, शेपटीच्या टोकापर्यंत पोहोचले.

"सोड," मामा म्हणाले.

मी धावलो. दैत्याचा घाव माझ्यावर कोसळला, आणि मित्रांनो, मी उभा राहिलो! दुसरा घाव पडला, तरीही उभाच. तोवर धाकटा बाजूने शिरला होता, ताईचे बाण सुटत होते आणि धाकट्याला खरचटले की तिचा झटपट मंत्र पोहोचत होता. दैत्य गुडघ्यांवर आला, मग पुलावरून खाली गेला. मामा इतके हसले की टेबलावरच्या डब्या खडखडल्या.

"मग मामा, पुढच्या रविवारी?" ताईने विचारले.

"पुढच्या कशाला? अजून ऊन आहे. पुलापलीकडे काय आहे ते बघू."

मित्रांनो, मी अजूनही सातव्याच लेव्हलवर आहे. ती आरोळी मला कधीच फुटणार नाही. तरी ताई दुसरी विद्या शिकली, याचे मला दुःख नाही. तुम्हीही खुशाल शिका. फक्त मदत म्हणून एखाद्याच्या हातातले काम काढून घेण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि ज्याची वाढ थांबली आहे, ज्याचा हात थरथरतो आहे, त्याला मागे बसवून विसरू नका. त्याच्यासाठी थोडे थांबून पाहा. थांबणे अवघड असते, हे मी ताईकडे बघून सांगतो. ती याही क्षणी हातांवर बसली आहे.

आता मला निघायला हवे. मामांचे कवच शेपटीपर्यंत आले आहे.