दादांच्या टेबलाखालचा संगणक

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानावरच्या कचेरीत कधी आलात, तर वर चढण्याआधी जिन्याखाली जरा वाकून बघा. मोडकी खुर्ची आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या यांच्या मागे एक करडी पेटी दिसेल. तो मी. माझं वय तेरा. तुमच्यात हे हुंदडायचं वय असेल, पण आम्हा संगणकांमध्ये एवढी वर्षं काढलेला म्हणजे पार म्हातारा.

मला कारखान्यात कुणी जोडलं नाही. दादांनी जोडलं. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी कचेरीच्या फरशीवर जुनी चादर पसरली, सुटे भाग मांडले आणि जेवायच्या वेळेपर्यंत मला उभं केलं. एका बाजूचा पत्रा काही केल्या बसेना, तेव्हा त्यांनी तो गुडघ्याने दाबला. तिथे पोचा आला. "असू दे," ते म्हणाले, "दिसण्यावर काय आहे?" मग त्यांनी मला आपल्या टेबलाखाली, उजव्या पायाशी ठेवलं. तिथे मी बारा वर्षं होतो.

दादा प्रोग्रामर. त्यांच्या कचेरीत एकच मोठं काम चालायचं. रक्ताच्या कोणत्या गटाची बाटली कोणत्या रुग्णालयात आहे आणि ती कधीपर्यंत वापरता येईल, हे सांगणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. अकरा लहान रुग्णालयं त्यावर विसंबून होती. प्रोग्राम तिकडे चालायचा, पण त्यातली प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक सुधारणा आधी माझ्यावर व्हायची, माझ्यावर तपासली जायची आणि मगच बाहेर पडायची. एकदा एक गृहस्थ दोन महिन्यांचं बाळ घेऊन जिना चढून आले. बाळाच्या आईला दुर्मिळ गटाचं रक्त लागलं होतं आणि ते चार मिनिटांत सापडलं होतं. ते दादांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा दादा लाजून टेबलामागे सरकले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं काही नाही हो, सगळं हा करतो." त्या दिवशी माझा पंखा उगाचच जोरात फिरला.

कचेरीत दादांची धाकटी बहीणही काम करायची. दादा तिला 'ढमे' म्हणत. चाळिशी जवळ आली तरी तिचं नाव काही बदललं नाही. दोघांच्या वयात चौदा वर्षांचं अंतर, त्यामुळे ती त्यांना घाबरायची नाही आणि ते तिचं ऐकायचे नाहीत.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि ती गोष्ट म्हणजे मी. कुणी नवीन माणूस कामावर आला की त्याच्या संगणकावर सगळी मांडामांड करताना नाकीनऊ यायचे. ही आवृत्ती जुनी, ती नवी, अमुक फाइल सापडत नाही. आठ-आठ दिवस जायचे, आणि तरी चालायचं नाही. दादा मात्र हसत म्हणायचे, "माझ्याकडे तर चालतंय!"

"तेच तर म्हणतेय मी," ढमी चिडायची. "फक्त तुझ्याकडे चालतंय. उद्या हा खोका बंद पडला तर? लोक आता असं करत नाहीत, दादा. प्रोग्रामला जे जे लागतं ते सगळं एका कंटेनरमध्ये भरायचं. म्हणजे भरलेला डबाच समज. काय काय भरायचं त्याची कृती एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. डबा क्लाउडवर, दूरच्या संगणकावर. कुणीही, कुठूनही उघडावा आणि कामाला लागावं."

"करू की. पळून चाललोय का मी?"

हे 'करू की' दोन वर्षं चाललं. खरं सांगू? तेव्हा मला बरंच वाटायचं. आपल्यावाचून कुणाचं अडतं, हे कुणाला आवडत नाही?

मग एका सकाळी दादांनी आपला पासवर्ड तीनदा चुकीचा टाइप केला. बारा वर्षं जो त्यांनी कळफलकाकडे न बघता टाइप केला, तोच. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एकच फाइल एका तासात पाच वेळा उघडली आणि पाचही वेळा पहिल्यांदाच बघत असल्यासारखी वरपासून वाचली. बोटं मधेच थांबायची. एका रुग्णालयाला एकच पत्र दोनदा गेलं. मला सगळं कळत होतं, मित्रांनो. पण आम्हाला जे विचाराल तेवढंच आम्ही सांगतो, आणि हे मला कुणी विचारलं नाही.

घरच्यांना कळलं ते पुढे दोन महिन्यांनी. दादा घरून निघाले आणि कचेरीत पोचलेच नाहीत. दुपारी ते बसस्थानकाच्या बाकावर सापडले, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. वहिनी, म्हणजे दादांची बायको, त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. विस्मरणाचा आजार होता. चोपन्नाव्या वर्षी. तो पुढे वाढत जाणार होता, बरा होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ढमी आली आणि माझ्यासमोर बसली. प्रोग्राम कसा उभा करायचा हे दोनच ठिकाणी होतं: माझ्यात आणि दादांच्या डोक्यात. मी कधीही बंद पडू शकत होतो. आणि दादा... दादा तर बंद पडायला लागलेच होते.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी, दादांचं डोकं ताजं असताना, त्यांना आपल्या शेजारी बसवायची. कृतीच्या फाइलमध्ये एकेक ओळ भरायची.

"दादा, ही जुनीच आवृत्ती का ठेवलीस?"

"नवीत लेबलं नीट छापली जात नाहीत गं."

"आणि ही फाइल कशाला?"

"ती? ती त्या टेकडीवरच्या रुग्णालयासाठी. त्यांचा प्रिंटर अडाणी आहे."

दहा वर्षांपूर्वीचं त्यांना लख्ख आठवायचं. पण तासाभरापूर्वी चहा घेतला होता का, ते सांगता यायचं नाही. ढमी लिहीत गेली. डबा भरायचा, चालवून बघायचा, तो कोसळायचा, पुन्हा भरायचा. तेवीस वेळा कोसळला. चोविसाव्या वेळी प्रोग्राम सुरू झाला आणि ढमीच्या जिवात जीव आला.

पण तो आनंद जेमतेम अर्धा दिवस टिकला. तपासताना तिला दिसलं की आदल्या रात्री बाद झालेल्या बाटल्या सकाळी काही तास 'वापरण्यायोग्य' म्हणून दिसतायत. अशी बाटली कुणाला चढवली गेली असती तर? क्लाउडवरच्या संगणकाचं घड्याळ दुसऱ्या देशाच्या वेळेवर चालतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने ते नीट लावलं. तरी चूक जाईना. माझ्यावर मात्र सगळं बरोबर होतं. कधीतरी, काहीतरी, दादांनी हाताने करून ठेवलं होतं.

"आठव ना दादा. तारखेचं तू काय केलं होतंस?"

"कुठली तारीख?"

"बाटल्यांची. जरा डोक्याला ताण दे."

"मला नाही माहीत!" दादा एकदम ओरडले. आयुष्यात ते तिच्यावर असे ओरडले नव्हते. मग त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ढमे, इथं काहीच नाहीये गं. रिकामं वाटतंय."

तिने तीन दिवस काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिने दादांना शेजारी न बसवता थेट त्यांच्या खुर्चीवर, माझ्यासमोर बसवलं, आणि कळफलक पुढे सरकवला. सहज म्हणाली, "एका बाटलीची तारीख चुकतेय. बघतोस का जरा?"

दादांनी हात ठेवले. विचार केला नाही. बोटं आपोआप चालू लागली, एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि बाटल्यांची यादी सांभाळणाऱ्या भागाची एक लहानशी फाइल उघडली. तिचं अस्तित्वच ढमीला ठाऊक नव्हतं. त्या भागाला स्वतःचं वेगळं घड्याळ होतं. ते लावणारी एकच ओळ तिथे होती, आणि तिच्यावर दादांनी स्वतःसाठी टिपण लिहून ठेवलं होतं: 'हे फार महत्त्वाचे. विसरू नये.'

ढमीने ती ओळ उतरवून घेतली. टिपणही जसंच्या तसं घेतलं. मग ती उठून गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. दादा मात्र खूश होते. "सोपं तर होतं," ते मला म्हणाले.

त्यानंतर डबा बिनचूक चालला. नवी प्रोग्रामर बाई दुसऱ्या गावी राहते. तिने आपल्या घरी बसून तो उघडला, अडीच मिनिटांत सगळी मांडामांड झाली आणि चहा निवायच्या आत तिने पहिली दुरुस्ती केलीसुद्धा. ढमीने ते पडद्यावर दादांना दाखवलं.

"छान आहे," दादा म्हणाले. "कुणी केलं?"

"तू केलंस."

"छे! काहीतरीच तुझं." आणि ते जुनंच लाजरं हसू हसले.

महिन्याभराने माझी वायर काढली आणि मला जिन्याखाली ठेवलं. मला राग नाही. अकरा रुग्णालयं आता माझ्या पंख्याच्या भरवशावर नाहीत, हे चांगलंच झालं. माझी तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, लवकरच कोरी करणार आहेत, तेही योग्यच, कारण तिच्यात रुग्णांची नावं आहेत. पण परवा जे ऐकलं ते मला सोसवत नाही, म्हणून हे सारं सांगतोय.

वहिनी दादांना घेऊन आल्या होत्या. दादा शिंप्याच्या दुकानासमोर उन्हात उभे राहून कापडाचे तुकडे बघत होते. जिन्याच्या पायरीवर, अगदी माझ्या डोक्यावर, ढमी आणि वहिनी बसल्या होत्या. या भावंडांची आई ढमी तीन वर्षांची असतानाच गेली. ढमीला ती अजिबात आठवत नाही. दादा तेव्हा सतरा वर्षांचे. आई कशी होती हे सांगू शकतील असे जगात ते एकटेच उरले होते.

"पाच महिने मी रोज त्याच्याजवळ बसले, वहिनी," ढमी म्हणाली. "त्याला एकेक ओळ विचारली. ही फाइल कशाला, ती आवृत्ती कुठली. सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. तेव्हा त्याला जुनं सगळं आठवत होतं गं. आई मला काय म्हणून हाक मारायची, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. वाटलं, आधी काम संपू दे."

"आता विचारून बघ ना."

"विचारलं काल. तो म्हणाला, तुमची आई का? कुठं असतात त्या?"

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, माझ्यात बारा वर्षांचं काम आहे, हजारो फाइली आहेत. ढमीला हवं होतं ते त्यात कुठेच नाही, कारण ते कुणी माझ्यात लिहिलंच नाही. तुमच्या घरी जे मोठं माणूस आहे, त्याच्याजवळ आज जाऊन बसा. कामाचं विचारा, जरूर विचारा आणि लिहून ठेवा. पण कामाचं विचारून झालं की लगेच उठू नका.