अर्ली डिसिजनची सुपारी

२०२४ साली लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या एक तारखेला आलं होतं, आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या नातीने, निकिताने, अमेरिकेतल्या कॉलेजांचे पहिले अर्ज पाठवायचे होते. पंचवटीतल्या आमच्या घरात त्या दिवशी कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं.

परदेशी प्रवेशांचा सल्ला देणाऱ्या यादव सरांनी माझ्या मुलाला, हर्षलला, सांगितलं होतं की बोस्टनजवळच्या नामांकित कॉलेजला ‘अर्ली डिसिजन’ने अर्ज करा, उत्तर लवकर येतं आणि प्रवेश मिळण्याची शक्यताही वाढते. हर्षलने पालक म्हणून सही केली, शाळेचीही आणली. निकिता मात्र सही करत नव्हती.

“घाबरतेस कशाला? सीट धरून ठेवायची,” हर्षल म्हणाला. “दुसरीकडे स्कॉलरशिप चांगली मिळाली तर बेटरमेंट घ्यायचं, ही सीट सोडून ती घ्यायची. तुझ्या स्नेहाताईने इंजिनिअरिंगला काय केलं? पहिल्या राऊंडला नाशिक, दुसऱ्याला पुणे!”

“पप्पा, तिथे बेटरमेंट नसतं.”

“सगळीकडे असतं. नाव वेगळं असतं फक्त.”

“भांडण पुरे,” सूनबाई उज्वला स्वयंपाकघरातून ओरडली. “लक्ष्मी दारातूनच परत जाईल.”

मी लाह्या-बत्तासे वाटीत काढत होते. निकिताला म्हटलं, “काय कबूल करून घेतात ते मला मराठीत सांग.”

“त्यांनी घेतलं, तर तिथेच जायचं. बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे.”

“म्हणजे सुपारी फुटली म्हण की.”

“सुपारी? मर्डरची?” सकाळपासून ती पहिल्यांदा हसली.

मग मी तिला नांदगावच्या माझ्या मावसबहिणीचं, मालनचं, सांगितलं. तिची सुपारी फुटली, म्हणजे लग्न पक्कं ठरलं, आणि चौथ्या दिवशी सटाण्याहून मास्तराचं स्थळ आलं. मालनला ते मनापासून आवडलं होतं. पण आमच्या मामांनी पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं. चार माणसांसमोर सुपारी फुटली की दुसऱ्या दाराकडे बघायचं नाही.

“नुसती पसंती कळवायची सोय नाही का?” मी विचारलं.

“आहे ना. अर्ली ॲक्शन. उत्तर लवकर देतात, पण बांधून घेत नाहीत. ओहायोच्या कॉलेजला आहे ते.” मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “मला नद्या-तलावांचा अभ्यास करायचाय, आजी. बोस्टन पप्पांना हवंय.”

हर्षलने ते ऐकलं. “आई, तू तिला भरीला घालू नकोस. परवडलं नाही तर सुटता येतं, मला सरांनी सांगितलंय.”

“परवडलं नाही तर येतं. दुसरीकडे जास्त मिळतंय म्हणून नाही,” निकिता म्हणाली. “आणि बाकीचे अर्ज मागे घेतल्यावर तिथे काय मिळालं असतं ते कळणार कसं?”

त्याने तावातावाने यादव सरांना फोन लावला, स्पीकरवर.

“बेटरमेंट?” सर हसायलाच लागले. “हर्षलराव, ते आपल्या सीईटीत! इथे शब्द मोडलात तर शाळेचंही नाव जातं.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही चान्स किती तेवढंच विचारलंत.”

हर्षलने फोन ठेवला. लेकीकडे न बघता म्हणाला, “कर तुला काय करायचं ते,” आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. निकिताने ओहायोचा अर्ज पाठवला. आरतीला हर्षल आत आला नाही.

डिसेंबरात ओहायोने ‘थांबा, मार्चमध्ये सांगू’ असं कळवलं. तो हिवाळा वाईट गेला. बाप-लेक एका ताटात जेवणारे, पण समोरासमोर बसेनात. मार्चमध्ये ओहायोने घेतलं, पण स्कॉलरशिप तुटपुंजी होती. मिनेसोटाच्या एका कॉलेजने भरपूर दिली. ओहायोला नाही म्हणताना निकिता रडली. आता ती मिनेसोटात गोठलेल्या तलावांवर चालते आणि तिथले फोटो पाठवते. बोस्टनला जानेवारीत साधा अर्ज केला होता. त्यांनी घेतलं नाही. उज्वला घरच्या घरी इंग्रजी बोलायला शिकते आहे. मालन मागच्या वर्षी नांदगावात वारली. यादव सरांनी गंगापूर रोडला मोठं ऑफिस थाटलंय. हर्षल अजून म्हणतो, “आई, अर्ली डिसिजन केलं असतं तर मिळालं असतं, बोस्टन तुझ्यामुळे हुकलं.” तसं नसेलच, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही.