तो वास तसाच असतो

आमच्या ह्यांचा वास मागच्या हिवाळ्यातल्या तापात गेला, आणि वासाबरोबर चवही. ताप उतरला, खोकला थांबला, पण ह्यांना साखर आणि राख सारखीच. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू. तर म्हणाले, "जीभ गेलेला आचारी कोण ठेवून घेईल? तू तोंड बंद ठेव."

ठेवलं. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात हे मुख्य आचारी आणि मी ह्यांच्या हाताखाली, भाज्या चिरायला. राहायची खोलीही आश्रमाचीच, ह्यांच्या नोकरीवर मिळालेली. अकरा महिने प्रत्येक पातेल्यातलं मी चाखायचे आणि हळूच सांगायचे, मीठ हवं, आंबट झालं. बावीस वर्षं तेच पदार्थ केलेला हात, अंदाजानेही बरोबरच पडायचा. कुणाला पत्ता लागला नाही. खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटत होती. लग्नाला तीस वर्षं झाली आणि हे पहिल्यांदाच माझं ऐकत होते.

नाताळचं जेवण तर ह्यांच्या डाव्या हातचा मळ. भाजलेली कोंबडी, लोण्यातले बटाटे, मटार, मनुकांचा केक. दरवर्षी तेच. यंदा मात्र नव्या व्यवस्थापक मॅडम आल्या होत्या आणि त्यांचा उत्साह नुसता उतू चालला होता. "तेच तेच खाऊन मंडळी कंटाळली असतील," त्या म्हणाल्या. "यंदा नेहमीच्या जेवणात जगभरातले चार पदार्थ घालू या. तुम्ही बोटीवर होतात ना?"

होते. लग्नाआधी आठ वर्षं, प्रवासी बोटीच्या भटारखान्यात. त्या गोष्टी ऐकून माझे कान किटले होते. अडतीस म्हाताऱ्यांत मिळून चाळीस दात नसतील, त्यांना कसली जगाची सफर? पण हे छाती फुगवून म्हणाले, "करू की, त्यात काय!"

त्यात काय ते नाताळच्या सकाळी पातेली चढल्यावर कळलं. ह्यांना त्या पदार्थांची चव ठाऊक होती, पण लागत नव्हती. मला लागत होती, पण ठाऊक नव्हती.

"कसं लागतंय?" इटलीच्या लाझान्याचा, त्या थरांच्या पास्त्याचा, टोमॅटोचा रस्सा मला चाखायला देऊन ह्यांनी विचारलं.

"आंबट."

"अगं, आंबट म्हणजे कसं?"

"तुमच्या बहिणीच्या बोलण्यासारखं. आधी गोड, मग टोचतं."

"झालं तर मग. उतरव."

मेक्सिकोचा राजमा असाच जमला. जपानचं सूप मला कोमट पाण्यासारखं लागलं. हे म्हणाले, बरोबर आहे. दोघांचं मिळून एक तोंड झालं होतं. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नसू.

चौथी होती थायलंडची कोळंबी, नारळाच्या दुधातली. कोळंबी आदल्या दुपारी आली होती. फ्रीज कोंबड्यांनी गच्च भरलेला, म्हणून ती बर्फाच्या टबात ठेवलेली. सकाळी टबात बर्फ नव्हता, नुसतं पाणी होतं. मी कोळंबी धुतली, ह्यांनी फोडणीत टाकली, वर बाटलीतलं माशाचं सॉस ओतलं, आणि असा भपकारा आला की मी पदर नाकाला लावला.

"अहो, घाण वास येतोय."

"कसा?"

"कुजल्यासारखा."

ह्यांचा चेहरा उजळला. "तो वास तसाच असतो! ते सॉस मासे कुजवूनच करतात. बोटीवर पहिल्या दिवशी मी ओकलो होतो. आता चाखून सांग."

चाखलं. खारट, आंबट, मागून काहीतरी कडवट. मी म्हटलं, कडवट आहे. हे म्हणाले, लिंबाची सालं आहेत त्यात. माझं नाक शाबूत होतं. मी त्याचं ऐकलं नाही, ह्यांचं ऐकलं.

जेवण दुपारी एकला वाढलं. नुसती वाहवा. वर्षभर ताटातलं चिवडणाऱ्या मास्तरीणबाईंनी कोळंबी दुसऱ्यांदा मागून घेतली. मीच वाढली. माझा हात धरून म्हणाल्या, "मुली, असं मी आयुष्यात खाल्लं नव्हतं गं."

संध्याकाळपर्यंत नऊ जण उलट्यांनी आडवे झाले. मलाही मळमळत होतं, पण मी चमचाभरच खाल्लं होतं. आठ जण सावरले. मास्तरीणबाई चौथ्या दिवशी हॉस्पिटलातच वारल्या.

पाचव्या दिवशी मॅडमनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. डोळे रडून सुजलेले. "कोळंबी खराब होती," त्या म्हणाल्या. "पातेलंभर खराब कोळंबी! अहो, तुम्हा दोघांना नाक नव्हतं का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बाई जिवानिशी गेली होती, आता आणखी काय लपवायचं राहिलं होतं?

"मी त्या वेळी केकजवळ होतो, मॅडम," हे म्हणाले. "चव हाताखालच्या बाईनं बघितली."

हाताखालची बाई. तीस वर्षांत मला अगं म्हणाले, ऐकलंस का म्हणाले, रागात नको नको ते म्हणाले. पण बाई कधी म्हणाले नव्हते.

मॅडमनी मला विचारलं, "खरं आहे?"

मी हो म्हटलं. डोळ्यांसमोर आमची राहायची खोली आली, तिच्यातला पलंग, ह्यांची औषधं. दोघांची नोकरी गेली असती तर जायचं कुठे? मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका." ह्यांना मात्र सक्त ताकीद देऊन ठेवून घेतलं.

आम्ही स्वयंपाकघरात आलो. मी एप्रन सोडायला लागले. वाटलं, आता तरी काही बोलतील. माफी राहू दे, निदान "अगं" तरी. हे शेगडीजवळ पाठमोरे उभे होते, मोठ्या पातेल्यात डाव फिरवत.

"संध्याकाळचं चिकन सूप झालंय," हे म्हणाले. "जायच्या आधी तेवढं चाखून जा."

उद्या मी नसणार. परवाही नसणार. आणि हे असेच पातेल्याजवळ उभे राहणार, सदतीस माणसांसाठी.

मी चाखलं. मीठ कमी होतं. मुठीतून घातलं, ढवळलं, चमचा धुऊन ठेवला. मग परत मॅडमच्या खोलीपाशी गेले आणि दार ढकललं.

"मॅडम," मी म्हटलं, "आमच्या ह्यांना वास येत नाही."